गल्लीतल्या प्रत्येकाला इंटरनेट मिळावं म्हणून काय करायचं: शामरावनगरातला अनुभव

माझ्या सासऱ्यांचा सांगलीत शामरावनगरला एसटीडी बूथ होता. पिवळी पाटी, काचेचं दार, मीटरवर पळणारे लाल आकडे. रात्री उशिरा दर उतरला की पुण्या-मुंबईला लेकी दिलेल्या आया रांगेत येऊन बसायच्या. घरोघरी फोन नव्हता, पण गल्लीत होता, आणि हातात सुटे पैसे असलेल्या कुणालाही तो मिळायचा.

आज त्याच गाळ्यात मी झेरॉक्स काढते आणि ऑनलाइन फॉर्म भरते. आता फोन घरोघरी आहेत. तरी २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले तेव्हा शेवटच्या संध्याकाळी माझ्या दारात पोरं रडवेली होऊन उभी होती. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली तेव्हा बायका. त्या दोन गर्दींनंतर आम्ही बचत गटातल्या सातजणींनी ठरवलं, की गल्लीत सगळ्यांना परवडेल असं नेट आणायचं. ते कसं केलं ते सांगते. तुमच्या गल्लीत करायचं असेल तर आमच्या चुका तरी टाळता येतील.

सुरुवात वहीपासून करा, राऊटरपासून नको. घरोघर जा, पण "तुमच्याकडे नेट आहे का?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात, नाही म्हणायला माणसाला कमीपणा वाटतो. त्याऐवजी विचारा: घरात फोन किती? दिवसा ते कुणाकडे असतात? मागचा रिचार्ज संपल्यावर किती दिवस तसेच गेले? गेल्या महिन्यात नेटवरच्या कुठल्या कामासाठी घराबाहेर जावं लागलं? शक्यतो दुपारी जा, घरातल्या बाईशी बोला, उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्या.

आमच्या वहीत चार वेगळी दुखणी निघाली. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्यांच्या घरी फोन एकच, तो पहाटे त्यांच्याबरोबर बाहेर पडतो; हळदीच्या हंगामात तर रात्रीच परत येतो. पोराच्या वाट्याला येतो तासभर. दुसरं, जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागल्यापासून महिनाअखेरीला आठवडाभर फोन नुसता पडून राहणारी घरं. तिसरं, मागच्या बाजूची गुंठेवारीतली पत्र्याची घरं, जिथे केबलची लाइनच गेली नव्हती. आणि चौथं, फोन आहे, पॅक आहे, पण हात लावायची भीती वाटते. यात सासवा होत्या तशा विशीतल्या सुनाही होत्या. वाय-फायने यातली फार तर दोन दुखणी बरी होतात. हे आधी कळलं नाही तर पैसा जातो आणि ज्यांच्यासाठी केलं ती माणसं तिथेच राहतात.

रिचार्जचं काम आजच करता येतं, त्याला एक रुपयाही गुंतवावा लागत नाही. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशाने कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवावे लागतात, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार आपणहून हे पॅक दाखवत नाही, मागावं लागतं. घरातले आजी-आजोबा नेट वापरत नसतील तर त्यांना असा पॅक घालून द्या. ९० दिवस वापर झाला नाही तर नंबर कायमचा बंद होऊ शकतो, आणि तो नंबर आधारला जोडलेला असेल तर पुढचा प्रत्येक ओटीपी अडतो. ई-केवायसीच्या वेळी माझ्याकडे आलेल्या बायकांपैकी कित्येकींची अडचण नेटची नव्हतीच. आधारला जोडलेलं सिम मेलेलं होतं, किंवा तो नंबर भावाच्या नावावर कवठेमहांकाळला होता. त्यामुळे आमच्या वहीत आता एक रकाना आहे: आधारला कुठला नंबर, आणि तो चालू आहे का. पूर्ण आधार क्रमांक मात्र वहीत कधीही लिहायचा नाही.

आता लाइन. गुंठेवारीतल्या घरांसाठी मी चौकशी केली तेव्हा "तिकडे पोल नाही, गिऱ्हाईक नाही" असं उत्तर मिळालं. एकेकट्याने विचारलं की असंच होतं. आम्ही अकरा घरांच्या सह्या घेतल्या, प्रत्येकाच्या लाइट बिलाची झेरॉक्स जोडली, महिन्याला किती देऊ शकतो ते लिहिलं आणि एकदम तीन केबलवाल्यांपुढे ठेवलं. एकजण पंधरा दिवसांत आला.

तो आला की तीन गोष्टी विचारा. जवळच्या स्प्लिटरमध्ये किती पोर्ट, म्हणजे जोडणीच्या जागा, शिल्लक आहेत? फायबरचा एकच धागा स्प्लिटरवर फुटून बत्तीस-चौसष्ट घरांत वाटला जातो. तो भरलेला असेल तर नवीन घरं जोडायला नवीन धागाच ओढावा लागेल. दुसरं, तुमच्या घराच्या टोकाला पॉवर मीटर (विजेचा नव्हे, फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारा) लावून आकडा दाखवायला सांगा. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्याही खाली, म्हणजे उणे २८-२९ कडे गेला असेल तर लाइन पावसाळ्यात रडवणार. जोड किंवा वळण दुरुस्त करून घेतल्याशिवाय सही करू नका. तिसरं, महिन्याचा दर १८ टक्के जीएसटी धरून सांगा म्हणावं. ३९९ चा प्लॅन हातात पडतो तेव्हा जवळपास ४७१ चा होतो, आणि मोजून संसार करणाऱ्याला हे बहात्तर रुपये बोचतात.

ज्यांना घरी लाइन परवडत नाही त्यांच्यासाठी सामाईक जागा हवी, आणि इथेच माझी मोठी चूक झाली. मी दुकानातल्या लाइनचा पासवर्ड कागदावर लिहून दारावर चिकटवला. वाटलं, घेऊ देत सगळ्यांना. आठवड्यात रात्री अकरापर्यंत पायरीवर पोरांचा घोळका बसायला लागला, बायका यायच्या बंद झाल्या, आणि भर फॉर्मच्या दिवसात एका मुलीचं पान अर्धा तास नुसतं गोल फिरत राहिलं. शिवाय त्या लाइनवरून कुणी काही वावगं केलं असतं तर पोलीस माझ्याच दारात आले असते, कारण कनेक्शन माझ्या नावावर.

त्याला योग्य वाट पीएम-वाणीची आहे, म्हणजे छोट्या दुकानांतून सगळ्यांना वाय-फाय देण्याच्या सरकारी योजनेची. केंद्राच्या मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० ला ही योजना मंजूर केली, आणि ती ऐकली तेव्हा मला सासऱ्यांचा बूथच आठवला. किराणा दुकान, चहाची टपरी, अभ्यासिका, कुणीही 'पब्लिक डेटा ऑफिस' होऊ शकतं. लायसन्स लागत नाही, नोंदणीची फी नाही. पीएम-वाणीच्या सरकारी संकेतस्थळावर अशी दुकानं एकत्र जोडून चालवणाऱ्या संस्थांची यादी आहे, त्यांना पीडीओए म्हणतात. त्यातली एक निवडायची आणि तिच्या प्रणालीशी जुळणारा वाय-फायचा डबा घ्यायचा. गिऱ्हाईक आपल्या फोनवरच्या ॲपमधून ओटीपीने ओळख पटवतं आणि नेटचं छोटं व्हाउचर घेतं. कोण कधी जोडलं गेलं याची नोंद ती संस्था ठेवते, त्यामुळे तुमच्या डोक्यावरचा घोर उतरतो. संस्था निवडताना व्हाउचरच्या पैशातला तुमचा हिस्सा किती आणि तो किती दिवसांनी खात्यात येतो, हे लेखी घ्या.

दुकान म्हटलं की केबलवाला 'कमर्शियल' दर सांगतो. तेव्हा त्याला जून २०२५ चा ट्रायचा आदेश दाखवा: २०० एमबीपीएसपर्यंतच्या (हे नेटच्या वेगाचं माप) प्लॅनसाठी पीएम-वाणीच्या दुकानाकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. मी आदेशाची प्रत काउंटरच्या काचेखालीच ठेवली आहे.

वेग किती घ्यावा? शाळेचा साधा ऑनलाइन वर्ग एक-दोन एमबीपीएसमध्ये चालतो. ५० ची लाइन वीस-पंचवीस माणसांना पुरते, पण प्रत्येकाला वेगाची मर्यादा घातली तरच. ती पहिल्याच दिवशी घालून घ्या. डबा खिडकीशी, उंचावर बसवा. पत्रा लहरी अडवतो. पत्र्याच्या घरांकडे तोंड करून बसवलात तरी आत फार जाणार नाही, म्हणून बसायला ओटा किंवा बाकडं बाहेर सावलीत ठेवा. डब्यात वाय-फायच्या दोन प्रकारच्या लहरी असतात: दूरच्या कोपऱ्यासाठी २.४ गिगाहर्ट्झ, जवळ बसणाऱ्यांसाठी ५. लाइट गेली की फायबर जात नाही, फक्त दोन्ही टोकांचे डबे बंद पडतात. राऊटरला चालणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की निदान तुमचं टोक तास-दोन तास जागं राहतं.

यंत्रापेक्षा वेळ ठरवणं कठीण गेलं. आम्ही दुपारी एक ते चार फक्त बायकांसाठी ठेवलं आणि त्या वेळात गटातली एकजण तिथे बसते. बसते म्हणजे शिकवते. पहिल्या दिवशी फॉर्म नाही शिकवायचा. लेकीला व्हिडिओ कॉल लावायला शिकवायचं. पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू तीन दिवस नुसत्या बघत बसल्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः बटण दाबलं, नातवाचा चेहरा दिसला, आणि मग गॅसचा नंबर कसा लावायचा हे त्यांनीच विचारलं. त्याच बैठकीत दोन गोष्टी पक्क्या करून घ्या: ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. दुकानदार असाल तर रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर राहिलेले आधार-पॅनचे फोटो पुसा. लोक विश्वासाने देतात.

पैशाचा हिशोब भिंतीवर लावा: लाइन, वीज, डबा घेताना झालेला खर्च, व्हाउचरची जमा. आमच्याकडे पहिले चार महिने तूट होती, ती गटाने आणि गणपती मंडळाच्या वर्गणीतून भरली. दहावी-बारावीच्या मुलांना व्हाउचर फुकट, हे मंडळानेच सुचवलं.

पण गल्लीने सगळा भार उचलावा हे मला पटत नाही. केरळ सरकार के-फोन या आपल्या फायबरच्या जाळ्यातून गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देतं. आपल्या महापालिकेच्या शाळा आणि वाचनालयं आपल्याच करावर चालतात, तिथली लाइन संध्याकाळी मुलांना का मिळू नये? मागायचं तर आधी माहिती काढा. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, म्हणून नेमकं विचारा: आमच्या प्रभागातल्या कुठल्या शाळेत आणि वाचनालयात इंटरनेट आहे, वेग किती, महिन्याचं बिल किती, आणि बंद असेल तर कधीपासून. उत्तर हातात घेऊन नगरसेवकाकडे लेखी मागणी घेऊन जा, पोच घ्या, आणि सोबत वहीतली घरांची यादी नावं झाकून जोडा.

राहिलं पाण्याचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ ला पुन्हा पूर आला. काचेच्या धाग्याला पाण्याचं काही नसतं, पण जोडपेट्या आणि विजेचे डबे बुडतात. म्हणून आमचा मुख्य डबा पहिल्या मजल्यावर आहे, आणि जोडपेटी पोलवर उंच बांधून घेतली आहे. पुराच्या दिवसांत गावाला पाण्याची पातळी आणि बोटीचा निरोप याच लाइनवरून कळतो, तेव्हा ती शेवटपर्यंत चालू ठेवायची. पुलावर ४५ फूट ही धोका पातळी. पाणी ४० फुटांवर गेलं की खालच्या मजल्यावरचं सगळं उचलायचं, यूपीएस भरून घ्यायचा, आणि डबे, चार्जर आणि ती वही एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर खुंटीला टांगायची. ते कोण करणार, त्या दोघींची नावं आमच्याकडे दर जूनमध्ये ठरतात.