ब्लॅकजॅकच्या टेबलवर पहिल्यांदा बसताय? आधी १६ चा डाव खेळायला शिका

कसिनोत पहिल्यांदा जाणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "स्लॉट मशीनवर बस, डोकं लावावं लागत नाही". हे ऐकलं की माझं टाळकं सरकतं. अहो, डोकं लावावं लागत नाही तिथेच पैसे सगळ्यात फास्ट जातात. मशीनवर तासाला चार-पाचशे वेळा सहज बटण दाबलं जातं आणि कसिनो त्यातून नक्की किती कापतंय ते बहुतेक मशीनवर कुठे लिहिलेलं नसतं. रुलेटमध्ये निदान मोजता तरी येतं, एक शून्यवाल्या चाकात ३७ घरं असतात, नंबर लागला तर ३५ पट मिळतात, म्हणजे सरासरी शंभराला २.७ गेले. दोन शून्यवाल्या चाकात तेच ५.२६ होतात, तिथे बसूच नका. ब्लॅकजॅक नीट खेळलं तर हा आकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. नीट खेळलं तर, आणि सगळी गोची तिथेच आहे, त्यावर खाली येतेच.

वयाची अट, तिथला कायदा, गेले तरी चालतील तेवढेच पैसे खिशात, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

टेबल निवडा. कमीत कमी किती लावायचे त्याची पाटी बघा आणि टेबलावरच्या कापडावर काय छापलंय ते वाचा. ब्लॅकजॅक लागल्यावर, म्हणजे पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता आल्यावर, ३ ला २ देतात की ६ ला ५ एवढंच शोधायचं. ३ ला २ म्हणजे १०० लावले तर १५० मिळणार, ६ ला ५ म्हणजे फक्त १२०. फरक किरकोळ वाटतो पण ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा लागतो, आणि तेवढ्यावर कसिनोचा फायदा जवळजवळ चौपट होतो. ६ ला ५ दिसलं की उठा, टेबल रिकामं असेल, पत्ते वाटणारा डीलर कितीही गोड बोलत असेल, तरी उठा.

बसा. नोटा डीलरच्या हातात द्यायच्या नाहीत, टेबलावर ठेवायच्या, तो चिप्स सरकवतो. चिप्स गोलात ठेवल्या आणि पत्ते वाटायला सुरुवात झाली की त्यांना हात लावायचा नाही. पत्ता हवा असेल तर टेबलावर बोटाने टकटक, नको असेल तर तळहात आडवा हलवायचा. तोंडाने बोलून चालत नाही, वरच्या कॅमेऱ्यात हाताची खूण दिसावी लागते.

खेळ. २१ च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त आकडा करायचा. गुलाम, राणी, राजा १०, एक्का १ किंवा ११, बाकीचे पत्ते आकड्याप्रमाणे. २१ च्या वर गेलात की बस्ट, पैसे गेले. डीलरचा एक पत्ता उघडा, एक झाकलेला, आणि त्याला १६ पर्यंत पत्ता घ्यावाच लागतो, १७ ला थांबावं लागतं.

आता १२ ते १६. मी वर्षभर इथेच अडकले होते. एक डाव अजून डोळ्यासमोर आहे, माझ्याकडे दश्शी आणि छक्की, डीलरची सत्ती उघडी. माझं बोट टेबलाच्या वर तसंच थांबलेलं, शेवटी तळहात हलवला, नको. डीलरने झाकलेला पत्ता उलटला, दश्शी, झाले १७, माझ्या चिप्स गेल्या. मला वाटलं आपण काय करणार, नशीबच नाही. त्या रात्री असं किती वेळा झालं ते मी मोजलंसुद्धा नाही.

नशिबाचा प्रश्नच नव्हता, मी बस्ट व्हायला घाबरत होते. १६ वर पत्ता घेतला तर तेरापैकी आठ प्रकारचे पत्ते बुडवतात, हे खरं आहे. पण थांबलात तर तुम्ही एकाच परिस्थितीत जिंकता, डीलर बस्ट झाला तर. आणि सत्ती उघडी असताना तो साधारण चारातून एकदाच बस्ट होतो. हिशोब काढला तर १६ ला सत्तीसमोर थांबून शंभरामागे सरासरी ४८ जातात, पत्ता घेतला तर ४१. दोन्हीकडे तोटाच आहे, डाव वाईटच आहे, पण सात वाचतात. आपल्या हाताने पत्ता मागून बुडालो की जास्त लागतं, थांबून हरलो की डीलरवर ढकलता येतं, म्हणून सगळे नवशिके थांबतात. मीही तेच करत होते.

तर स्वतःच्या पत्त्यांकडे बघून घाबरायचं नाही, डीलरच्या उघड्या पत्त्याकडे बघायचं. तो २ ते ६ असेल तर १३ ते १६ वर गप थांबा, कारण आता अडचणीत तो आहे, छक्की असेल तर तो शंभरात ४२ वेळा बस्ट होतो. ७ किंवा वर असेल तर १७ होईपर्यंत घेत राहा. १२ असेल तर फक्त ४, ५, ६ समोर थांबा, दुर्री-तिर्रीसमोर घ्या. आणि १६ ला दश्शीसमोर काय करायचं यावर लोक तासन् तास भांडतात, तिथे घ्या किंवा थांबा, शंभरातले ५४ जातातच. टेबलवर सरेंडर, म्हणजे अर्धे पैसे देऊन डाव सोडणं, चालत असेल तर सरळ ५० सोडा आणि पुढच्या डावाला लागा.

हे माझं मत नाहीये. १९५६ मध्ये अमेरिकन लष्करातल्या चार जणांनी टेबलवरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर हा सगळा हिशोब मांडून संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये छापला, आणि पुढे कॉम्प्युटरने तपासल्यावरही तो जवळपास तसाच निघाला. त्याचा तक्ता छोट्या कार्डावर मिळतो, बहुतेक कसिनोंमध्ये तो जवळ ठेवून खेळता येतं. लाजू नका, ठेवा.

शेजारचा मात्र बोलणार. "तू पत्ता घेतलास म्हणून डीलरचा पत्ता बिघडला." मला एकाने इतकं झापलं होतं की पुढचे चार डाव मी त्याच्या तोंडाकडे बघून खेळले आणि चारही चुकीचे खेळले. पुढचा पत्ता कुणालाच दिसत नाही, तुमच्यामुळे जितक्या वेळा त्याचं बिघडतं तितक्याच वेळा सुधारतं. ऐकू नका, आणि डीलरलाही "काय करू" विचारू नका.

बाकीचं. एक्का ११ धरून १७ किंवा कमी होत असतील तर थांबू नका, एका पत्त्याने बस्ट होतच नाही. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी फोडा, म्हणजे तेवढेच पैसे अजून लावून दोन वेगळे डाव करा, दश्शांची कधीच नाही. ११ आले आणि समोर २ ते ९ असेल तर डबल, म्हणजे लावलेले दुप्पट करून एकच पत्ता घ्यायचा. इन्शुरन्स घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी, तो डीलरचा एक्का उघडा असताना त्याला ब्लॅकजॅक आहे यावर लावायचा वेगळा सट्टा आहे आणि शंभराला सात-एक खातो.

हरल्यावर डबल लावत जायची आयडिया कुणीतरी सांगेलच. १०० पासून सलग सात वेळा हरलात की १२,७०० गेलेले असतात, आठव्याला १२,८०० लावायचे असतात आणि बहुतेक वेळा त्याआधीच टेबलची लिमिट आडवी येते. एकच रक्कम ठरवा, तीच लावा.

उठताना. आणलेले संपले की उठायचं, एटीएमकडे वळायचं नाही, उधार तर अजिबात नाही. जिंकत असाल तर घड्याळ लावून उठा. दोन डावांच्या मध्ये सगळ्या चिप्स डीलरकडे सरकवा, तो मोठ्या चिप्स करून देतो, त्या खिडकीवर देऊन रोख घ्या आणि तिथेच मोजून घ्या. खिडकीवरून बाहेर जायचा रस्ता मशीनांच्या मधून असतो, चिल्लर मशीनमध्ये घालत जाऊ नका.