एअर रायफलला ॲडजस्टेबल रेग्युलेटर कसा बसवावा आणि कसा जुळवावा

पीसीपी रायफल (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) २०० बारला (बार हे दाबाचं एकक) भरली, तरी पहिला छर्रा आणि चाळिसावा छर्रा एकाच वेगाने सुटत नाही. सुरुवातीला व्हॉल्व्हवर इतका दाब असतो की हॅमरच्या, म्हणजे चाप ओढल्यावर व्हॉल्व्हवर आदळणाऱ्या भागाच्या, ठोक्याने तो पुरता उघडत नाही आणि वेग कमी पडतो. हवा खर्च होत जाते तसा वेग चढतो, काही शॉट स्थिर राहतो, मग घसरायला लागतो. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये रेग्युलेटर बसवला की व्हॉल्व्हला कायम एकाच दाबाची हवा मिळते आणि हा चढउतार जवळजवळ सपाट होतो. पण रेग्युलेटरचा दाब आणि हॅमरचा ठोका ही जोडी आहे. एक जुळवून दुसरं तसंच ठेवलं, तर रायफल आधीपेक्षा वाईट चालू शकते. (स्प्रिंग-पिस्टनच्या रायफलीत हवेचा साठाच नसतो, त्यामुळे तिथे रेग्युलेटरचा प्रश्न येत नाही.)

आधी मोजा

क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र) नसेल तर हे काम सुरू करू नका. रायफल पूर्ण भरा, एकाच डब्यातले छर्रे घ्या आणि प्रत्येक शॉटचा वेग लिहा. दर पाच शॉटनंतर गेजवरचा दाबही लिहा. समजा २०० बारला २३२ मीटर प्रतिसेकंद, १४० बारला २४५ आणि १०० बारला २३४ असे आकडे आले. म्हणजे या हॅमरला सर्वांत मानवणारा दाब १४० बारच्या आसपास आहे. रेग्युलेटर त्या दाबाला किंवा त्याच्या थोडा खाली लावायचा, वर नाही.

किती खाली, हे हवेच्या हिशेबावर ठरतं. २०० सीसीचा सिलिंडर २०० बारला भरला आणि रेग्युलेटर १३० वर लावला, तर वापरता येणारी हवा ७० × ०.२, म्हणजे १४ लीटर. तोच ११० वर लावला तर १८ लीटर. भरलेली हवा तितकीच, पण शॉट बरेच वाढतात. टार्गेटसाठी पाहिजे तेवढा वेग मिळत असेल, तर कमी दाब केव्हाही चांगला.

ऊर्जेचा हिशेबही आताच करून ठेवा. ०.५४७ ग्रॅमचा छर्रा २४० च्या वेगाला १५.८ जूल देतो आणि २४५ ला १६.४. वेगातला छोटा फरकही रायफलीला कायद्याच्या मर्यादेपलीकडे नेऊ शकतो. तुमच्याकडे लागू असलेली मर्यादा माहीत असल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.

हवा काढा, मग उघडा

१. नळीत छर्रा नाही याची खात्री करा आणि रायफलचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा.
२. ब्लीड स्क्रूने (हवा सोडण्याच्या स्क्रूने) सिलिंडर रिकामा करा. तो नसेल तर उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीनेच हवा काढा.
३. गेज शून्यावर आलं तरी दोन-तीनदा रिकामा चाप ओढा. आधीपासून रेग्युलेटर असलेल्या रायफलीत हे फार महत्त्वाचं आहे. सिलिंडर रिकामा झाला तरी रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या जागेत, म्हणजे प्लेनममध्ये, शंभर बारची हवा अडकून राहू शकते आणि सिलिंडरचा गेज ती दाखवत नाही.
४. आटे हाताने सहज फिरत नसतील तर आत दाब आहे असं समजा. पाना लावून जोर करू नका.

बसवताना

रेग्युलेटरमध्ये पिस्टन, त्याला ढकलणारी बशीच्या आकाराच्या वॉशरची चळत, डेलरिन किंवा पीक (PEEK) सारख्या कडक प्लास्टिकची सीट (जिच्यावर पिस्टन टेकून हवा बंद होते) आणि ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) असतात. चळतीतले वॉशर आलटूनपालटून, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून येतात. खोलून साफ करायचा असेल तर आधी फोटो काढा. एक वॉशर उलटा बसला तरी दाब मूळ आकड्यापासून बराच सरकतो.

बाहेरच्या दोन ओ-रिंगांमध्ये एक बारीक भोक असतं. ते वॉशरच्या खोलीला बाहेरच्या हवेशी जोडतं आणि सिलिंडरला त्याच जागी भोक असावं लागतं. तुमच्या सिलिंडरला ते नसेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेला दुसरा रेग्युलेटर घ्या. घरी ड्रिल मारून दाबाची नळी कमकुवत करू नका. हे भोक कधी बुजवूही नका. आत झिरपलेली हवा तिथे साठली तर ती वॉशरच्या बाजूने जोर लावते आणि दाब आपोआप चढत जातो.

ओ-रिंगांना शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, सीटला काहीच लावू नका. साधं तेल किंवा पेट्रोलियम ग्रीस चालत नाही. जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. नळीतल्या भोकांच्या कडा बोटाने तपासा. धार लागत असेल तर ओ-रिंग तिथेच कापली जाणार, म्हणून रेग्युलेटर सरकवताना त्या भोकातून ओ-रिंग प्लास्टिकच्या काडीने आत दाबत न्या.

पहिल्यांदा भरताना छर्रा न घालता रायफल कॉक करून (हॅमर मागे ओढून) सेफ्टी लावा, म्हणजे हॅमर व्हॉल्व्हवर टेकणार नाही. हळूहळू ५० बार करा, ऐका, भोकावर साबणाचं पाणी लावा. मग १००, मग पूर्ण. झपाट्याने भरलं तर हवा तापते आणि कचरा सीटवर आदळतो.

दाब जुळवणं

बहुतेक रेग्युलेटरमध्ये स्क्रू उजवीकडे फिरवला की दाब वाढतो, तरी माहितीपत्रक पाहाच. बाहेरून जुळवता येणाऱ्यांना एका वेळी अष्टमांश फेरा पुरे. आतून जुळवायचे असतील तर गेज असलेल्या टेस्टरवर आधी आकडा लावून घेतला की दहादा रायफल उघडावी लागत नाही.

दाब कमी करताना बहुतेक जण फसतात. स्क्रू सैल केला तरी प्लेनममध्ये आधीची जास्त दाबाची हवा तशीच असते, म्हणून प्लेनमचा गेज हलत नाही आणि माणूस आणखी सैल करत जातो. दोन-तीन शॉट मारून मगच वाचा. शक्यतो हव्या आकड्याच्या खाली उतरून वर या. वर चढवताना अडेपर्यंत आवळू नका, कारण वॉशर पूर्ण चपटे झाले की पिस्टनला बंद होण्यापुरती हालचालच उरत नाही आणि सिलिंडरचा सगळा दाब व्हॉल्व्हवर येतो.

नवे वॉशर बसायला वेळ घेतात. तीसेक शॉट मारा, रात्रभर ठेवा आणि मग शेवटचा आकडा लावा.

आता हॅमर

रेग्युलेटरला आता हात लावू नका. हॅमर स्प्रिंग इतकी सैल करा की वेग स्पष्टपणे पडेल. मग पाव-पाव फेरा आवळत प्रत्येक वेळी पाच शॉट मारा आणि सरासरी लिहा. वेग चढत जाईल आणि एका जागी थबकेल. तिथून पुढे आवळलं तर वेग वाढत नाही. छर्रा सुटल्यावरही व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा वाया जाते आणि आवाज मोठा होतो. थबकलेल्या वेगाच्या सुमारे ३ टक्के खाली परत या. २५० वर थबकला असेल तर २४२–२४३. दहा शॉटमधला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेग यांत ३–४ मीटरचाच फरक असेल तर काम छान झालं. त्याहून खूप खाली आलात तर ठोक्यातला बारीकसा फरकही वेगात दिसू लागतो.

काही बिघडलंच तर

पंधरा मिनिटं थांबल्यावर पहिला शॉट वेगळाच जातो आणि पुढचे नीट जातात, तर सीटमधून हवा झिरपत असते. प्लेनमचा गेज एक-दोन बार चढून थांबला तर चालेल. चढतच राहिला तर सीटवर कण किंवा ओरखडा आहे. हॅमर हलका लावलेला असेल तर हा पहिला शॉट मंद येतो, जोरात लावलेला असेल तर जलद.

बारीक भोकातून सतत बुडबुडे येत असतील तर बाहेरची किंवा पिस्टनची ओ-रिंग गेली.

भराभर मारताना वेग उतरतो आणि पाच सेकंद थांबलं की परत येतो, तर रेग्युलेटर प्लेनम वेळेत भरत नाही. आतला मार्ग साफ आहे का ते पाहा.

सगळा गट (टार्गेटवरच्या छर्र्यांचा पुंजका) एकदम घसरू लागला तर रेग्युलेटरवर शंका घेण्याआधी सिलिंडरचा गेज बघा. दाब लावलेल्या आकड्याखाली गेला की रेग्युलेटर उघडाच राहतो. म्हणून दाब त्या आकड्याच्या दहा बार वर असतानाच पुन्हा भरा.