लांब पल्ल्याचं धावताना पाणी किती प्यावं?

‘तहान लागायच्या आधीच प्या’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. माझ्या मते तो आता सोडून द्यावा. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. शर्यत संपेपर्यंत ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांच्यात हे जास्त आढळलं. म्हणजे घामातून गेलं त्याहून अधिक पाणी पोटात गेलं होतं आणि त्याने रक्तातलं सोडियम विरळ झालं होतं.

आधी स्वतःचा घाम मोजा. लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. नेहमीच्या वेगाने तासभर धावा, किती पाणी प्यायलात ते लिहून ठेवा. नंतर घाम पुसून पुन्हा वजन करा. समजा, 60 किलोचे 59.2 झाले आणि वाटेत 400 मिली पाणी प्यायलात, तर 800 अधिक 400, म्हणजे तासाला साधारण 1.2 लिटर घाम गेला. उन्हात आणि थंडीत हा आकडा पार बदलतो, त्यामुळे दोन्ही ऋतूंत मोजा.

पण तेवढं सगळं पाणी भरून काढायचं नाही! हा आकडा म्हणजे कमाल मर्यादा. धावताना तहानेचं ऐका, घोट घोट प्या. अनेकांना तासाला 400 ते 800 मिली पुरतं. हळू धावणाऱ्यांना आणि सडपातळ लोकांना त्याहूनही कमी. शेवटी वजन थोडं घटलेलं चालेल, वाढलेलं नको.

स्पोर्ट्स ड्रिंक घेतलं म्हणजे कितीही प्यावं, असं नाही. त्यात रक्ताच्या मानाने सोडियम फारच कमी असतं. शिवाय दीर्घ श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं, त्यामुळे जादा पाणी लघवीवाटे लवकर बाहेर पडत नाही. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी सोडियम घटण्याचा हा धोका आणखी वाढू शकतो. शर्यतीच्या दिवशी त्या टाळाच.

पोट डबडबणं, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, मळमळ, डोकेदुखी अशी लक्षणं दिसली तर पिणं थांबवा. कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा झटके आले, तर ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा. अंग तापलेलं असेल तर ते गार करायला लागा, मात्र बळेच पाणी पाजू नका. डॉक्टर आल्यावर, त्या धावपटूने वाटेत किती पाणी प्यायलं, हे आधी सांगा.