पोस्ट आली, आदेश आला का?

परदेशातल्या लोकरंजनवादी नेत्यानं रात्री आयात शुल्क वाढवण्याची पोस्ट टाकली, की सकाळी महापे-तुर्भेतले निर्यातदार क्लिअरिंग एजंटला, म्हणजे कस्टम्सचे कागद सांभाळणाऱ्याला, फोन लावतात. 'माणूस लहरी आहे' म्हणून सोडून देऊ नका. हेतू ओळखायला त्याच्या मनात शिरावं लागत नाही. तारीख, कागद आणि सवलती बघाव्या लागतात.

आधी तारीख. घरचं मतदान जवळ आहे का? मार्च 2017 मध्ये तुर्कस्तान आणि नेदरलँड्सचं तुर्की मंत्र्यांच्या नेदरलँड्समधल्या प्रचारसभांवरून जोरात वाजलं. डच निवडणूक 15 मार्चला होती, तुर्कस्तानातलं सार्वमत 16 एप्रिलला. भांडण दोन्हीकडच्या सत्ताधाऱ्यांच्या पथ्यावर पडलं. व्यापार चालू राहिला, पण राजदूतांचं गाडं रुळावर यायला 2018 उजाडलं. आवाज मतदारासाठी असला तरी नुकसान खरं असतं.

मग कागद, आणि वेळ इथेच घालवा. पोस्टमध्ये आकडा असतो. आदेशात अंमलाची वेळ, वस्तूंची यादी, अपवाद. ट्रम्प यांनी 6 ऑगस्ट 2025 ला रशियन तेलाचं कारण देऊन भारतावर आणखी 25 टक्के शुल्क लावलं. बहुतेक मालावर एकूण 50. अंमल 27 ऑगस्टपासून, वॉशिंग्टनच्या रात्री 12:01 ला, म्हणजे आपल्या सकाळी 9:31 ला. त्याआधी जहाजावर चढलेला आणि 17 सप्टेंबरपूर्वी अमेरिकन कस्टम्समधून आत आलेला माल या जादा शुल्कातून सुटणार होता. दोन्ही अटी एकदम. कंटेनर न्हावा शेव्याच्या गेटातून आत गेला म्हणजे सुटलो, असं समजणं ही पहिली चूक. मोजतात ते जहाजावर चढणं. दुसरी चूक जास्त महागाची. मधले दिवस 21, आणि इथून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समुद्रमार्गे महिनाभर सहज लागतो. शेवटच्या दिवशी धावपळ करून माल चढवला तरी सवलत कागदावरच.

सवलती वाचताना कोण वाचलं ते बघा. औषधं आणि स्मार्टफोन वगळले. त्यांची महागाई थेट अमेरिकन मतदाराच्या खिशाला लागते. चीन रशियाचं तेल भारताइतक्याच जोमानं घेत होता, पण त्याच्यावर त्या वेळी असा दंड नव्हता. दुर्मिळ खनिजांची चावी त्याच्या हातात. उलटा फटका बसेल तिथे हात आखडतो, हा आमचा अंदाज, आणि तो बऱ्याचदा बरोबर येतो.

'शेवटी माघार घेतोच' हे मात्र गृहीत धरू नका. 2 एप्रिल 2025 ला भारतासाठी जाहीर केलेलं 26 टक्के शुल्क 9 एप्रिलला 90 दिवस लांबलं, तरी 10 टक्के राहिलेच. ऑगस्टचा दंड तर ठरल्या दिवशी लागू झाला.

शेवटी करार काढा. डीडीपीवर, म्हणजे शुल्क भरून माल पोचवण्याच्या बोलीवर, विकलं असेल तर शुल्क तुमच्या माथी. एफओबीवर, म्हणजे माल जहाजावर चढवून देण्यापुरत्या बोलीवर, ते खरेदीदाराचं, पण तो लगेच सूट मागतो. पुढच्या ऑर्डरीत शुल्क बदललं तर कोण किती सोसणार, ते टक्क्यांत लिहून घ्या.