जुन्या स्पोर्ट्स कारला नवे ब्रेक बसवताय?

मोठी डिस्क, नवे पॅड बसवले, पण ब्रेक ऑइल जुनंच ठेवलं, तर कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव गाठेपर्यंत पेडल मऊ पडायचं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर १५५ च्या आसपासही उकळू शकतं, आणि त्याची वाफ झाली की पेडल मऊ पडतं. म्हणून सीलबंद डबाच घ्या, गॅरेजातला अर्धा उरलेला फुकट मिळाला तरी नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. बॉडीवर थेंब सांडला तर लगेच पाण्यानं धुवा, रंग सोलतो. ब्रेकसोबत इंजिनाचा टेम्परेचर मीटरही बदलत असाल, तर सेन्सरही त्याच जोडीचा घ्या. नाहीतर काटा खोटं सांगतो, आणि जळगावच्या मे महिन्यात ते महागात पडतं. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा.