सीमेपलीकडे वकिली करताना सनदेचा निर्णय

नवापूर किंवा रावेरच्या वकिलाकडे गुजरातमधील सोनगढ वा मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरचे दावे येऊ लागले, की दुसऱ्या राज्याचीही सनद (वकिलीचा परवाना) काढावी का, हा प्रश्न उभा राहतो. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 17 नुसार दोन राज्यांच्या बार कौन्सिलच्या नामावलीत (वकिलांच्या नोंदणी यादीत) एकाच वेळी नाव ठेवता येत नाही. मात्र 15 जून 2011 पासून अमलात आलेल्या कलम 30 मुळे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद देशभर चालते. तेव्हा ठरवायचे ते एवढेच, की नाव हलवायचे की नाही.

त्यासाठी आधी गेल्या वर्षाची डायरी उघडून अधिक तारखा कुठे पडल्या ते पाहावे आणि मग भाषेचा विचार करावा, कारण सोनगढच्या कोर्टात कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) व साक्षीपुरावा गुजरातीत चालतो, तर बऱ्हाणपूरच्या जमिनीच्या दाव्यात सातबाऱ्याऐवजी खसरा वाचावा लागतो. माझ्या मते बहुतेकांची खरी अडचण इथे असते, सनदेत नव्हे. अधूनमधून जाणाऱ्याने तिथल्या वकिलासोबत वकीलपत्र दाखल करणे उत्तम. परराज्यातील उच्च न्यायालयात जायचे असल्यास तिथले नियम आधी वाचावेत.

कायमचे स्थलांतर असेल तरच कलम 18 खाली भारतीय बार कौन्सिलकडे अर्ज करावा. त्यात ज्येष्ठता कायम राहते, परंतु शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित असल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो.