लाकडावरच्या जुन्या दहनचित्रात नवशिका हात कसा ओळखावा

तापल्या लोखंडाने लाकूड डागून चित्रे काढणाऱ्या जुन्या कलावंताचे सुरुवातीचे काम म्हणून एखादी फळी दाखवली गेली, की पाहणाऱ्याची नजर आधी सहीकडे आणि तिच्याजवळ लिहिलेल्या वर्षाकडे वळते. माझ्या मते ती तिकडे सर्वांत शेवटी वळावी. वर्ष चित्राचे वय सांगते, हाताचा सराव सांगत नाही. लंडनमध्ये जन्मलेला शिल्पकार रॉबर्ट बॉल ह्यूज १८२९ मध्ये न्यूयॉर्कला गेला. तिथे त्याने घडवलेला अमेरिकी राजकारणी अलेक्झांडर हॅमिल्टनचा संगमरवरी पुतळा १८३५ च्या मोठ्या आगीत नष्ट झाला, आणि हाच माणूस पुढच्या आयुष्यात आगीत तापवलेल्या सळईने लाकडावर चित्रे काढू लागला. अशा माणसाच्या पहिल्या फळीवर रेखाटन मुरलेले आणि डागणी मात्र कच्ची असू शकते. म्हणून या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात.

प्रथम हत्यार ठरवावे. शेगडीत तापवलेली सळई लाकडाला टेकताक्षणी सर्वाधिक तापलेली असते आणि पुढे निवत जाते. त्यामुळे तिची रेषा आरंभी काळी व खोल असते आणि शेवटाकडे तपकिरी होत विरते. याउलट, फ्रेंच डॉक्टर पाकलँ याने १८७० च्या दशकात शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या उपकरणावरून आलेल्या लेखणीत प्लॅटिनमचे टोक रबरी फुग्याने सोडलेल्या बेंझिनच्या वाफेवर सतत तापलेले राहते, आणि रेषा लांबवर एकसारखी उमटते. हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण सळईच्या कामातला चढउतार हा हत्याराचा स्वभाव आहे आणि तोच प्लॅटिनमच्या कामात सरावाची उणीव दाखवतो.

त्यानंतर भिंग घेऊन रेषांचे आरंभ पाहावेत. सरावलेला कलावंत हात चालता ठेवूनच लोखंड लाकडाला लावतो आणि हात चालता असतानाच उचलतो. नवशिका आधी टेकवतो, मग ओढतो, आणि त्या क्षणभराच्या थांब्याचा गोल काळा ठिपका कायमचा राहतो. तसेच ठिपके कोपऱ्यांवर आणि वळणांवर शोधावेत. रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली होरपळीची पिवळट कडा उष्णतेचा अंदाज चुकल्याचे सांगते. पाइनसारख्या लाकडात वर्षवलयांचे मऊ पट्टे चटकन जळतात आणि कठीण पट्टे दाद देत नाहीत, त्यामुळे रेषा उड्या मारत जाते. अनुभवी माणूस हे टाळण्यासाठी लाइम (म्हणजे लिंडेन, लिंबू नव्हे) किंवा सिकॅमोरसारखे एकसारख्या पोताचे लाकूड निवडतो, तेव्हा लाकडाची निवडही साक्षीला घ्यावी.

सर्वांत बोलकी जागा म्हणजे दुरुस्ती. डागलेले पुसता येत नाही. ते खरवडावे लागते किंवा भोवतीचा भाग गडद करून लपवावे लागते. अंधाऱ्या खोलीत विजेरी फळीच्या पातळीत आडवी धरली, की खरवडलेले खळगे सावलीने उघडे पडतात. मात्र डोळ्यातली चमक किंवा केसांवरचा उजेड चाकूने खरवडून काढण्याची पद्धतही जुनीच आहे; नेमक्या जागी असलेला स्वच्छ छेद कौशल्याचा, आणि कारण नसताना दिसणारा उथळ खळगा चुकीचा समजावा.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी कामाबाबत आणखी एक सावधगिरी हवी. ब्रुकलिनची फ्लेमिश आर्ट कंपनी आधीच आकृती छापलेल्या पेट्या आणि फळ्या हौशी लोकांना विकत असे. अशा वस्तूवर डागणी कितीही सफाईची असली, तरी रेखाटन कारखान्याचे असते. जळलेल्या रेषेच्या कडेला छापील रेषेचा अवशेष दिसतो का, आणि मागे शिक्का आहे का, हे पाहावे. तोच नमुना दुसऱ्या पेटीवर आढळला, तर ‘सुरुवातीचे काम’ हे शब्द बाजूला ठेवावेत.

अखेरीस, शक्य असल्यास चौकट काढून तिच्याखाली झाकली गेलेली कड पाहावी. उजेडाने डागणीच्या फिकट छटा उडतात आणि गडद काळ्या रेषा तेवढ्या उरतात; मग मूळचे मृदू छायांकन नाहीसे होऊन चित्र रांगडे, नवशिक्याने काढल्यासारखे भासते. कडेला तपकिरीच्या चार-पाच पायऱ्या शाबूत असतील, तर मधल्या भागावरून काढलेला निष्कर्ष मागे घ्यावा लागतो, आणि ही तपासणी पुरी होईपर्यंत फळीवर तेल, पॉलिश किंवा ओला बोळा मुळीच लावू नये.